वाचकांचे प्रश्न : नवा थर्मोस्टॅट, जुनी सवय

थंडी सुरू झाली की या सदराच्या टपालात घर तापवण्याच्या यंत्रणेविषयीची पत्रे वाढतात. या वेळी त्यांतील बहुतेक पत्रे एकाच वस्तूविषयी आहेत, ती म्हणजे भिंतीवर नव्याने बसवलेला प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट, म्हणजे लावून दिलेल्या वेळांना घराचे तापमान आपोआप बदलणारे उपकरण. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रे संक्षिप्त केली आहेत, तक्रारी मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

प्रश्न : आमच्याकडे गॅसवर चालणारी, गरम हवा खेळवणारी फर्नेस आहे. जुना गोल थर्मोस्टॅट काढून गेल्या महिन्यात प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट बसवला. सकाळी ६ वाजता २० अंश, ८ वाजता १६, संध्याकाळी ५ वाजता २० आणि रात्री १० वाजता १६ असे वेळापत्रक लावले आहे. तरीही फर्नेस पहाटे पाचच्या सुमारासच सुरू होते आणि तिच्या आवाजाने जाग येते. सुटीच्या दिवशी दुपारी घर गार लागते म्हणून मी आकडा २५ वर नेतो, पण घर काही लवकर तापत नाही. पत्नीचे म्हणणे असे की, रात्री घर थंड होऊ द्यायचे आणि पहाटे पुन्हा तापवायचे यात वाचलेला गॅस परत जातोच, तेव्हा दिवसरात्र एकच तापमान ठेवावे. आमच्यापैकी कोणाचे बरोबर आहे?

उत्तर : आपल्या पत्नीचा आक्षेप तिन्ही मुद्द्यांत सर्वांत विचार करण्याजोगा आहे, म्हणून तो शेवटी सविस्तर घेतो. आधी आपल्या २५ अंशांविषयी.

पंख्याच्या रेग्युलेटरची सवय असलेल्या हाताला थर्मोस्टॅटवरचा आकडा हा वेगाचा आकडा वाटतो, म्हणजे तो जितका वर न्यावा तितकी यंत्रणा जोरात चालेल असे वाटते. थर्मोस्टॅट हा रेग्युलेटर नाही. तो एक बटण आहे, फक्त ते बटण आपल्याऐवजी तापमान पाहून दाबले जाते. विजेच्या इस्त्रीत हेच घडते: ठरलेली उष्णता आली की दिवा विझतो, इस्त्री निवली की पुन्हा लागतो, आणि दिवा लागलेला असताना इस्त्री नेहमी सारख्याच जोराने तापत असते. खोलीत १७ अंश असताना आपण २० मागितले काय किंवा २५ मागितले काय, साधी एकटप्पी, म्हणजे एकाच जोराने चालणारी, फर्नेस दोन्ही वेळा सारख्याच वेगाने घर तापवते. फरक एवढाच की २५ मागितल्यावर ती २० ला थांबत नाही, आणि तोवर आपण दुसऱ्या कामात असतो. काही फर्नेस दोन टप्प्यांच्या असतात. मागणी आणि प्रत्यक्ष तापमान यांत मोठे अंतर दिसले की थर्मोस्टॅट त्यांचा दुसरा, जोराचा टप्पा सुरू करतो, त्यामुळे तेथे आकडा वाढवल्याने थोडा फरक पडतो. परंतु तेथेही घर अतितापण्याची खोड राहतेच.

पहाटे पाच वाजता फर्नेस सुरू होणे हा दोष नाही. बहुतेक नव्या थर्मोस्टॅटांत एक सोय कारखान्यातूनच चालू करून दिलेली असते. कोणी तिला ‘स्मार्ट रिकव्हरी’ म्हणते, कोणी ‘अर्ली स्टार्ट’, कोणी आणखी काही. ती चालू असताना आपण लावलेली वेळ ही फर्नेस सुरू होण्याची वेळ राहत नाही, तर घर तापून तयार असण्याची वेळ होते. सहाला २० अंश हवेत असे सांगितले की थर्मोस्टॅट आपल्या घराला किती वेळ लागतो याचा अंदाज घेऊन तितका आधी कामाला लागतो, आणि हा अंदाज पहिल्या आठवडाभरात रोज थोडा सुधारत नेतो. आपण वेळ लावली ती जुन्या समजुतीने, म्हणजे सहाला सुरू होईल असे धरून. आवाजाचाच त्रास असेल तर दोन मार्ग आहेत: वेळापत्रकातील सकाळच्या टप्प्याची वेळ साडेसहावर न्यावी, किंवा सेटिंगच्या यादीत जाऊन ही सोय बंद करावी, मात्र मग अंथरुणातून उठताना घर गारच असेल हे धरून चालावे. माझे मत पहिल्या मार्गाच्या बाजूने आहे.

आता आपल्या पत्नीचा मुद्दा. तळाशी बारीक भोक असलेल्या पाण्याच्या रांजणाची कल्पना करावी. रांजण काठोकाठ भरलेला असेल तर भोकातून पाणी जोरात जाते, पातळी खाली आली की धार मंदावते. घरातून उष्णता बाहेर जाते तीही अशीच, आतल्या आणि बाहेरच्या तापमानातील अंतराच्या प्रमाणात. बाहेर शून्य अंश असताना घरात २० अंश राखायचे तर २० अंशांच्या अंतराची गळती भरून काढावी लागते. घरात १६ असतील तर १६ अंशांच्या अंतराची, म्हणजे पाचव्या हिश्शाने कमी.

पहाटे घर पुन्हा तापवण्यास जास्तीची उष्णता लागते हे त्यांचे निरीक्षण अगदी खरे आहे. परंतु या हिशोबाला दुसरी बाजू आहे. रात्री दहानंतर घर २० वरून १६ वर उतरत असताना फर्नेस बंद होती आणि भिंती, फरशी व सामान यांनी साठवलेली उष्णता घर वापरत होते. पहाटे आपण जे परत भरतो ते म्हणजे हीच उचल. उचल आणि परतफेड यांची तोंडमिळवणी होते. हाती उरते ते मधल्या तासांत कमी झालेल्या गळतीचे माप, आणि ते नेहमी आपल्या बाजूने असते. घर जितके जास्त वेळ खालच्या तापमानावर राहील तितकी बचत अधिक. म्हणूनच तासाभरासाठी बाहेर जाताना आकडा उतरवण्यात फारसा अर्थ नसतो, आणि आठ तासांच्या झोपेसाठी उतरवण्यात असतो.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा सल्ला असा आहे की, रोज आठ तास तापमान ७ ते १० अंश फॅरनहाइटने, म्हणजे सुमारे ४ ते ५.५ अंश सेल्सिअसने, खाली ठेवल्यास वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. वरच्या रांजणाच्या हिशोबाशी हा आकडा जुळतो: २० पैकी ५.५ अंश म्हणजे साडेसत्तावीस टक्के, आणि आठ तास हा दिवसाचा तिसरा हिस्सा, म्हणून साधारण नऊ टक्के. ज्यांना याहून कितीतरी मोठ्या बचतीचे वचन मिळाले असेल त्यांनी हे गणित एकदा स्वतः मांडून पाहावे.

येथे एक गोष्ट मात्र घराघरानुसार बदलते. ज्या घराच्या भिंतींत आणि छतात उत्तम इन्सुलेशन आहे ते घर रात्रभरात १६ पर्यंत उतरतच नाही, १८ वर रेंगाळते. अशा घरात रात्रीच्या उतरवण्याने बचत थोडी होते, कारण गळतीच मुळात थोडी असते. त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही; जे थर्मोस्टॅटने वाचवायचे ते भिंतींनी आधीच वाचवले आहे. उलट, फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या पुरलेल्या घरात काँक्रीट तापायला आणि निवायला कित्येक तास लागतात, त्यामुळे तेथे चार टप्प्यांचे वेळापत्रक कागदावरच राहते. फरशी सकाळच्या सूचनेला दुपारी प्रतिसाद देते. अशा घरात एकच स्थिर तापमान, फार तर एखाद्या अंशाचा फरक, एवढेच ठेवावे. तेथे आपल्या पत्नीचेच म्हणणे व्यवहारात बरोबर ठरते.

म्हणून वेळापत्रक लावण्याआधी माझा आग्रह असतो की आधी घराची चाल मोजावी. एखाद्या थंड, वारा नसलेल्या रात्री झोपताना १६ अंश लावावेत, आणि तापमान व वेळ कागदावर टिपावी. जाग येईल तेव्हा पुन्हा एकदा टिपावी, आणि सकाळी २० मागितल्यापासून २० येईपर्यंत किती मिनिटे गेली तेही लिहावे. समजा दहा वाजता २० होते, दोनला १८ आणि सहाला १६.५, नंतर १६.५ वरून २० वर यायला ७० मिनिटे लागली. याचा अर्थ आपले घर दोन तासांत जेमतेम एक अंश निवते आणि वीस मिनिटांत एक अंश तापते. या दोन आकड्यांत सगळे वेळापत्रक सामावलेले आहे. घर एवढ्या सावकाश निवत असेल तर ‘झोप’ हा टप्पा दहाऐवजी नऊ वाजताच लावावा, कारण अंथरुणात शिरेपर्यंत फार तर अर्धा अंश उतरेल आणि कोणाला कळणारही नाही. सकाळी आठला बाहेर पडत असाल तर ‘बाहेर’ हा टप्पा साडेसातला लावावा. शेवटचा अर्धा तास फर्नेस आपल्यासाठी नव्हे, तर रिकाम्या घरासाठी चाललेली असते.

सुटीच्या दुपारी गार लागते याचे कारण सोमवार ते शुक्रवारचेच वेळापत्रक शनिवार-रविवारीही चालू आहे. बहुतेक थर्मोस्टॅटांत सप्ताहाचे पाच दिवस आणि शेवटचे दोन दिवस वेगळे लावता येतात, काहींत सातही दिवस वेगळे. अवेळी सुटी आली तर वरच्या बाणाने २० अंश मागावेत आणि ‘होल्ड’ला हात लावू नये: नुसता बाण दाबून केलेला बदल पुढच्या टप्प्यापर्यंतच टिकतो आणि मग वेळापत्रक आपोआप परत सुरू होते. ‘होल्ड’ दाबला की ते थांबते आणि आपण ‘रन’ दाबेपर्यंत थांबलेलेच राहते. ही एक कळ प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅटची बरीचशी उपयुक्तता संपवते असा माझा अनुभव आहे. कमी ऊर्जा वापरणाऱ्या उपकरणांना चिन्ह देणाऱ्या अमेरिकेतील ‘एनर्जी स्टार’ योजनेने या उपकरणांना दिले जाणारे चिन्ह २००९ च्या अखेरीस थांबवले, तेही याच कारणाने: यंत्र चांगले असले तरी बचत ही ते वापरणाऱ्यावर अवलंबून राहते, आणि लोक ते जुन्या थर्मोस्टॅटसारखेच वापरत होते.

प्रश्न : आमची फर्नेस दर सहा-सात मिनिटांनी सुरू होते आणि थोड्याच वेळात बंद होते. जुन्या थर्मोस्टॅटवर असे कधी होत नव्हते. नवा थर्मोस्टॅट सदोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही. आपल्या जुन्या थर्मोस्टॅटचे झाकण काढले असते तर आत दोन धातूंच्या गुंडाळीजवळ एक बारीकशी सरकती खूण आणि तिच्याखाली अँपिअरचे आकडे दिसले असते. तो एक चिमुकला हीटर होता. फर्नेस बंद झाल्यावरही नळ्यांतील गरम हवा काही काळ खोलीत येतच राहते आणि तापमान ठरल्यापेक्षा वर जाते. ते टाळण्यासाठी हा हीटर गुंडाळीला जराशी आधीच ऊब देऊन फर्नेस थोडी लवकर बंद करवीत असे. तो गॅसच्या व्हॉल्व्हच्या विद्युतप्रवाहाशी जुळवावा लागे.

नव्या थर्मोस्टॅटात हेच काम ‘तासाला किती आवर्तने’, म्हणजे फर्नेस तासाला किती वेळा सुरू होऊन बंद व्हावी, या सेटिंगने होते. ते नेहमीच्या यादीत नसते, बसवणाऱ्या तंत्रज्ञासाठी असलेल्या आतल्या यादीत असते आणि तेथे कसे जायचे ते पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत दिलेले असते, म्हणजे जी पाने कोणी वाचत नाही त्या पानांत. अनेक थर्मोस्टॅटांत वाफेच्या यंत्रणेसाठी १, गरम पाण्याचे रेडिएटर आणि ९० टक्क्यांहून अधिक कार्यक्षम फर्नेस यांसाठी ३, साध्या गॅस किंवा तेलाच्या फर्नेससाठी ५ वा ६ आणि विजेच्या फर्नेससाठी ९ असे आकडे सुचवलेले असतात. आपण सांगितलेल्या वेळेवरून हे सेटिंग ९ वर राहिले असावे असे दिसते. फर्नेस कोणत्या प्रकारची आहे ते पाहून ते ५ वा ३ करावे. काही कंपन्या आवर्तनांऐवजी तापमानाचा फरक मागतात, म्हणजे ठरल्यापेक्षा किती अंश उतरल्यावर सुरू व्हायचे. तेथे अर्ध्या अंशाच्या आसपासचा फरक बहुतेकांना मानवतो.

हे बदलूनही आवर्तने तशीच राहिली तर हवेचा फिल्टर पाहावा. तो धुळीने भरला की फर्नेसमध्ये उष्णता कोंडते आणि तिचा स्वतःचा सुरक्षा-स्विच ती मध्येच बंद करतो. तेव्हा दोष थर्मोस्टॅटचा नसतो.

प्रश्न : पडद्यावर १७ अंश दिसतात, परंतु खोली मला उबदार वाटते आणि टेबलावरचा तापमापक १९.५ दाखवतो. फर्नेस थांबतच नाही. थर्मोस्टॅटमध्ये तापमानाची दुरुस्ती करण्याची सोय आहे, ती वापरू का?

उत्तर : एवढ्यात वापरू नये. हीच चूक मी स्वतः केलेली आहे. माझ्या घरी नेमका एवढाच फरक येत होता आणि मी दुरुस्तीच्या सेटिंगमध्ये अडीच अंश वाढवून मोकळा झालो. दोन दिवस सारे सुरळीत चालले. तिसऱ्या दिवशी घरात सगळे कुडकुडत होते आणि पडद्यावर मात्र २० अंश झळकत होते. त्या दिवशी वारा पडला होता, हे लक्षात यायला मला बराच वेळ लागला.

थर्मोस्टॅटचा पुढचा भाग भिंतीवरून अलगद काढला. मागे तारा येण्यासाठी भिंतीत पाडलेले भोक होते, तारांच्या जुडग्याहून दुपटीने मोठे. पातळ कागदाची एक पट्टी त्या भोकासमोर धरली, तर ती भिंतीपासून दूर ढकलली जाऊन हलू लागली. भिंतीच्या पोकळीतून गार हवा येत होती आणि थेट तापमान मोजणाऱ्या संवेदकावर पडत होती. वारा असला की फरक अडीच अंश, नसला की शून्य. अशा दोषाला कोणताही ठरावीक आकडा उतारा होऊ शकत नाही. तारांभोवती पुटीचा गोळा भरून ते भोक बुजवले, दुरुस्तीचा आकडा परत शून्यावर आणला, आणि पुढच्याच दिवशी दोन्ही तापमापकांत अर्ध्या अंशाचाही फरक उरला नाही. हे काम करण्यापूर्वी फर्नेसचा वीजपुरवठा बंद केला होता, हे येथे सांगून ठेवतो.

आपणही आधी हे भोक पाहावे. नंतर जागा पाहावी: थर्मोस्टॅट जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर, घराच्या आतल्या भिंतीवर असावा. त्यावर ऊन पडू नये, बाहेरच्या दाराची झुळूक लागू नये, गरम हवेच्या झरोक्याचा झोत येऊ नये, आणि शेजारी दिवा किंवा टीव्ही नसावा. टेबलावरचा तापमापकही थर्मोस्टॅटच्या शेजारी भिंतीला चिकटवून पंधरा-वीस मिनिटांनी वाचावा. खोलीच्या दोन कोपऱ्यांत एक-दोन अंशांचे अंतर सहज असते आणि ते कोणाचीच चूक नसते. हे सगळे करूनही फरक कायम आणि रोज सारखाच राहिला, तरच दुरुस्तीचे सेटिंग वापरावे.

प्रश्न : आमच्याकडे हीट पंप आहे. आपल्या सदरात पूर्वी वाचल्याप्रमाणे रात्री तापमान ४ अंशांनी उतरवू लागलो, तर विजेचे बिल कमी होण्याऐवजी वाढले. सकाळी पडद्यावर ‘ऑक्झिलिअरी हीट’ असे दिसते.

उत्तर : पूर्वीच्या उत्तरात हीट पंपाचा अपवाद स्पष्ट केला नव्हता, ती उणीव येथे भरून काढतो.

हीट पंप उष्णता निर्माण करीत नाही, बाहेरच्या हवेतील उष्णता उचलून आत आणतो. त्यामुळे विजेच्या १ युनिटमागे घराला, बाहेर ७ अंशांच्या आसपास असताना, साधारण ३ युनिट उष्णता मिळते. थंडी कडक झाली की हे प्रमाण २ कडे सरकते. त्याच्या जोडीला विजेच्या तापणाऱ्या पट्ट्या बसवलेल्या असतात, आणि आपल्या पडद्यावरील शब्द त्यांच्याविषयी आहेत. त्या १ युनिट विजेतून १ युनिटच उष्णता देतात. सकाळी सहाला थर्मोस्टॅटला चार अंशांचे अंतर दिसते. हीट पंप ते सावकाश भरून काढणार, म्हणून थर्मोस्टॅट पट्ट्यांनाही कामाला लावतो.

याचा हिशोब असा. समजा आपल्या घरातून प्रत्येक अंशाच्या अंतरामागे २०० वॉट उष्णता बाहेर जाते. आठ तास ४ अंश खाली ठेवल्याने फार तर ६.४ युनिट उष्णता वाचेल. ती हीट पंपाने दिली असती तर अडीच पट मिळतीने सुमारे अडीच युनिट वीज लागली असती. तेवढी आपली रात्रीची कमाई. सकाळी १० किलोवॉटच्या पट्ट्या तासभर चालल्या तर १० युनिट वीज जाते, तर तेवढीच उष्णता पंपाने ४ युनिटांत दिली असती. अडीच वाचवण्यासाठी सहा गमावले.

तेव्हा उतार एक-दोन अंशांचाच ठेवावा, किंवा ठेवूच नये. थर्मोस्टॅटच्या आतल्या यादीत यंत्रणेचा प्रकार ‘हीट पंप’ असाच निवडलेला आहे ना, ते तपासावे, कारण त्यासाठी बनवलेले थर्मोस्टॅट पहाटे बरेच आधीपासून हळूहळू तापमान चढवतात आणि पट्ट्यांना शक्यतो दूर ठेवतात. ‘इमर्जन्सी हीट’ ही स्थिती मात्र पंप बिघडला असेल तेव्हाच वापरायची असते. तीत पंप बंद राहतो आणि सगळा भार पट्ट्यांवर येतो. तिच्या नावामुळे ‘फार थंडी पडली की लावायची’ असा समज होतो आणि तो महागात पडतो.

अशाच एका पत्रात नवा थर्मोस्टॅट बसवल्यावर ‘हीट’ लावले की गार हवा येते, अशी तक्रार आहे. हीट पंपात प्रवाहाची दिशा उलटवणारा एक व्हॉल्व्ह असतो. काही कंपन्यांच्या पंपांत तो थंड करताना वीज घेतो, काहींत तापवताना. थर्मोस्टॅटवर हे सेटिंग ‘ओ’ आणि ‘बी’ या अक्षरांनी दाखवलेले असते. ते उलटे लागले आहे, बदलावे.

प्रश्न : गरम पाण्याचे रेडिएटर आहेत आणि प्रत्येकावर तापमान बदलण्याची स्वतंत्र चकती आहे. दिवाणखान्यात थर्मोस्टॅट बसवल्यापासून बॉयलर रात्रंदिवस चालू राहतो, पण दिवाणखाना १८ च्या वर जात नाही.

उत्तर : दिवाणखान्यातील रेडिएटरची चकती १८ च्या आसपास लावलेली असणार. खोली १८ वर आली की चकती पाणी अडवते, थर्मोस्टॅट २० साठी बॉयलरला मागणी करीतच राहतो. दोघांपैकी एकालाच अधिकार द्यावा: ज्या खोलीत थर्मोस्टॅट आहे तेथील चकती पूर्ण उघडी ठेवावी आणि बाकीच्या खोल्यांत चकत्यांनी तापमान ठरवावे.

प्रश्न : माझ्या घरी विजेचे बेसबोर्ड हीटर, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेले लांबट हीटर, आहेत. त्यासाठी प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट स्वतः बसवता येईल का? जुन्या थर्मोस्टॅटचे काय करावे?

उत्तर : फर्नेस आणि बॉयलरचे थर्मोस्टॅट बहुधा २४ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्या तारा बारीक, रंगीत असतात. बेसबोर्ड हीटरचा थर्मोस्टॅट मात्र हीटरचा पूर्ण प्रवाह स्वतःतून नेतो, तोही १२० किंवा २४० व्होल्टवर. तेथे २४ व्होल्टचा थर्मोस्टॅट जोडल्यास तो जळतो, आणि आग लागण्याचा धोका असतो. झाकण काढल्यावर दोन किंवा चार जाड तारा दिसल्या तर पुढचे काम इलेक्ट्रिशियनकडे सोपवावे आणि उच्च व्होल्टेजसाठीच बनवलेला थर्मोस्टॅट घ्यावा.

जुन्या थर्मोस्टॅटच्या आत काचेची छोटी नळी आणि तिच्यात चकाकणारा थेंब असेल, तर तो पारा आहे. १९५३ साली हनीवेल कंपनीने बाजारात आणलेला, हेन्री ड्रायफस यांनी आकार दिलेला गोल थर्मोस्टॅट ज्या ज्या घरांत होता त्या घरांत ही नळी सापडते. गुंडाळी तापली की नळी कलंडते, पारा एका टोकाला जातो आणि जोडणी तुटते, इतकी सुरेख युक्ती होती ती. तो थर्मोस्टॅट पातळीत बसवावा लागे तो याचसाठी, आणि नव्याला तो नियम लागू नाही. त्या नळीत ताप मोजण्याच्या काचेच्या तापमापकातील पाऱ्याच्या कितीतरी पट पारा असतो. नळी सुटी करू नये. अख्खा थर्मोस्टॅट पिशवीत घालून घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावा, रोजच्या कचऱ्यात टाकू नये.

प्रश्न : ऐन थंडीत तीन आठवडे घर बंद राहणार आहे. हीटिंग पूर्ण बंद करावे का? आणि परतल्यावर वृद्ध आई आमच्याकडे राहायला येणार आहे, तिच्यासाठी रात्री किती अंश ठेवावेत?

उत्तर : जेथे पाणी गोठते तेथे हीटिंग पूर्ण बंद करू नये. हवा १२ अंशांवर ठेवावी, कारण थर्मोस्टॅट आतल्या भिंतीजवळच्या हवेचे तापमान मोजतो आणि बाहेरच्या भिंतीतून किंवा ओट्याच्या कपाटामागून जाणारी नळी त्याहून बरीच थंड असते. ओट्याखालच्या कपाटाची दारे उघडी ठेवावीत आणि पाण्याचा मुख्य कॉक बंद करावा, म्हणजे नळी फुटलीच तर नुकसान मर्यादित राहील. ‘व्हेकेशन’ची सोय असल्यास परतण्याच्या आदल्या दिवसाची तारीख द्यावी, तीन आठवडे गार राहिलेल्या भिंती तापायला एका रात्रीपेक्षा जास्त वेळ घेतात.

आईंच्या बाबतीत बचतीचा विचार बाजूला ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत थंडीच्या काळात घरात किमान १८ अंश सुचवले आहेत आणि वृद्ध, लहान मुले व आजारी व्यक्तींसाठी त्याहून अधिक लागू शकतात असेही म्हटले आहे. रात्री १८ च्या खाली जाऊ नये, दिवसा त्यांना विचारून २० ते २१ ठेवावे. आपला थर्मोस्टॅट त्यांना वापरता येईल असा करून द्यावा: वेळापत्रक आपण लावावे आणि त्यांना फक्त वरचा बाण दाखवावा.

निघण्याच्या दिवशी थर्मोस्टॅटमधील सेल बदलावेत, पडद्यावर बॅटरीची खूण आलेली नसली तरी. सेलवर चालणाऱ्या बहुतेक थर्मोस्टॅटांत सेल संपले की हीटिंगची मागणीच जात नाही, आणि बंद घरात ते कोणाला कळत नाही. सेल घातल्यावर घड्याळातली वेळ आणि वार पुन्हा पाहावेत, नंतर आकडा दोन अंशांनी वाढवून फर्नेस सुरू झाल्याचा आवाज प्रत्यक्ष ऐकावा, आकडा परत १२ वर आणावा आणि मगच दाराला कुलूप लावावे.